सांधा आणि सिग्नल



मुलांच्या धर्मशिक्षण वर्गात दोन शिक्षक हवेत, सहलीला निघताना आणि परतताना मुले नावानिशी मोजावीत, असे नियम आम्ही मांडले की कोणीतरी दुखावून विचारतेच, “म्हणजे आमच्यावर विश्वास नाही का?” या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला रेल्वेच्या इतिहासाची मदत झाली.

इंग्लंडमध्ये रेल्वे नवीन होती, तेव्हा फाट्यावर सांधेवाला हाताने सांधा बदलत असे आणि सिग्नल वेगळा दिला जाई. दोन्हींचा मेळ राखणे माणसाच्या ध्यानावर अवलंबून होते. सांधा एका रुळाला आणि सिग्नल दुसऱ्याच गाडीला, असे घडायला क्षणभराचा विसर पुरे होता.

जॉन सॅक्सबी हे रेल्वेत सुतारकाम करत. सुतारकी म्हणजे आपल्या प्रभूच्या घरचाच धंदा! सांधे आणि सिग्नल यांना एकत्र बांधणाऱ्या रचनेचे पेटंट त्यांनी १८५६ मध्ये घेतले आणि १८६० मध्ये तिची सुधारलेली रचना पुढे आणली. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. केबिनमधले लिव्हर खाचा असलेल्या लोखंडी पट्ट्यांनी एकमेकांशी जोडलेले असतात. सांधा योग्य बाजूला लागल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर ओढताच येत नाही, आणि सिग्नल दिल्यावर तो सांधा हलत नाही.

तरीही सगळ्या कंपन्यांनी ते लगेच स्वीकारले नाही. खर्चाची तक्रार होतीच. शिवाय यंत्रावर विसंबून माणसे बेसावध होतील, असेही म्हटले जाई.

मग १२ जून १८८९ उजाडला. आयर्लंडमधील आर्मा गावातून रविवार-शाळेची सहल निघाली. जड गाडी चढावर अडकली, म्हणून तिचे दोन भाग केले. मागचे डबे उतारावरून घरंगळले आणि पाठोपाठ येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० जण दगावले. त्यांत कितीतरी मुले होती. तिथे उणीव होती ती ब्रेकची आणि दोन गाड्यांमधील अंतर राखण्याच्या पद्धतीची. पण त्याच वर्षी झालेल्या कायद्याने प्रवासी मार्गांवर तिन्ही गोष्टी सक्तीच्या करण्याची वाट मोकळी केली: आपोआप लागणारे ब्रेक, एका टप्प्यात एकच गाडी, आणि इंटरलॉकिंग.

त्या मुलांच्या हातीही आपल्या मुलांसारखाच खाऊचा डबा असेल. म्हणून हा विषय आम्हांला परका वाटत नाही.

केबिनमधल्या कुलपाने सांधेवाल्याचा अपमान होत नाही. थकलेल्या रात्री, एका विसरापायी शेकडो जिवांचा भार त्याच्या माथी येऊ नये, म्हणून ते असते. आपल्या नियमांचेही तसेच आहे. ते मुलांना जपतात आणि शिक्षकालाही. माणूस दुर्बल आहे, हे आपण दर रविवारी देवापुढे कबूल करतो. मग तेच ध्यानात ठेवून व्यवस्था लावायला संकोच कसला?

दुर्घटनेची वाट न पाहता हे शहाणपण स्वीकारण्याची कृपा प्रभू आपणां सर्वांना देवो. आमेन.