लाल पट्टी हिरवी झाली!

आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मी उभ्या उभ्या ओरडलोच, "सापडला!" दुकानदाराने चहाचा ग्लास खाली ठेवला. समोर एक वापरलेला, कोपऱ्यांवर झिजलेला काळा थिंकपॅड होता आणि त्याच्या पडद्यावर हिरव्या पट्ट्या. दोन वर्षं ज्या प्रश्नाने माझी झोप उडवली होती, त्याचं उत्तर त्या पट्ट्यांत होतं. रात्री एसटीत बसून हे लिहितोय, कारण सकाळपर्यंत थांबवणार नाही.

मी डीजे आहे, सातारा भागात हळदी, वराती, साखरपुडे करतो. दोन टॉप, दोन बेस, कंट्रोलर, लॅपटॉप आणि एक टेम्पो. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत एका हळदीला अख्खं अंगण नाचत होतं, करवल्या बेभान झाल्या होत्या. मी ड्रॉपवर आलो आणि आवाज तुटला. कर्रर्र, टिक्, टिक्. अर्धाच सेकंद गेला असेल, पण तेवढ्यात थांबलेले पाय पुन्हा त्या जोशाने उठले नाहीत. त्या लॅपटॉपमध्ये आय-सेव्हन प्रोसेसर होता, वेगळं ग्राफिक्स कार्ड होतं. मला वाटलं, याहून ताकदवान मशीन हवं.

आतेभाऊ पुण्यात रेकॉर्डिंग स्टुडिओत काम करतो. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "दादा, बफर किती ठेवतोस?"

त्या प्रश्नामागे काय दडलंय ते कळलं आणि मी वेडाच झालो! बघा, गाण्याचा आवाज म्हणजे सेकंदाला 44,100 आकडे. लॅपटॉप ते एकेक करून पाठवत नाही, कळशी भरभरून पाठवतो. ती कळशी म्हणजे बफर. 512 आकड्यांची कळशी साधारण साडेअकरा मिलिसेकंदांत रिकामी होते, 128 ची तर तीन मिलिसेकंदांच्याही आत. ती संपायच्या आत पुढची भरलेली नसेल तर कंट्रोलर कोरडा पडतो. ते कोरडं पडणं म्हणजेच ती टिक्!

मी हिशेब मांडला. 128 चा बफर ठेवून पाच तासांची ऑर्डर वाजवायची, तर लॅपटॉपला जवळपास 62 लाख कळश्या वेळेवर भराव्या लागतात. बासष्ट लाख! त्यातली एक चुकली तरी मांडवातल्या सगळ्यांना ऐकू येते. इथे पैलवान नको, वक्तशीर माणूस हवा. भरणारा कितीही दांडगा असू दे, वायफाय कार्ड, बॅटरीची मोजणी, ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्याला सारखे हाका मारून थांबवत असतील तर त्याची ताकद काय कामाची?

मग कळशी मोठीच ठेवावी ना? ठेवा, पण मग हात आणि आवाज यांची ताटातूट होते. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. 1024 चा बफर ठेवला की नुसत्या त्यामुळे 23 मिलिसेकंद उशीर होतो, म्हणजे ताशा आठ मीटर लांब वाजतोय आणि त्याच्यावर तुम्ही काड्या मारताय. 128 ला तोच ताशा हाताच्या अंतरावर येतो. पहिल्यांदा 128 वर कंट्रोलरची चकती, म्हणजे जॉग व्हील, फिरवून स्क्रॅच केला तेव्हा अंगावर काटा आला. आवाज बोटाखालून निघत होता!

आतेभावाने पेनड्राइव्हमध्ये लेटन्सीमॉन टाकून दिलं. विंडोजवर चालणारा छोटा प्रोग्राम, घरगुती वापराला फुकट. चालू करून ठेवायचा, मशीन किती वेळ अडकून बसतं ते तो मायक्रोसेकंदांत मोजतो. जमण्यासारखं असेल तर पट्ट्या हिरव्या, नसेल तर लाल. दुकानात तीन लॅपटॉपवर लावला. रंगीत दिव्यांचा भारी गेमिंग लॅपटॉप चार मिनिटांत लाल झाला. दुसरा नवाकोरा पातळ, तोही लाल; पण वायफाय बंद केलं मात्र, पुन्हा मोजलं तर हिरवा! आणि तिसरा हा वापरलेला थिंकपॅड, वायफाय चालू असूनही वीस मिनिटं हिरवाच्या हिरवा. बत्तीस हजारांत घेतला. त्या गेमिंग लॅपटॉपच्या किमतीत असे तीन आले असते.

कंट्रोलर लावताना त्याच्याच कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकायचा, हेही तेव्हाच उमगलं. विंडोजच्या नेहमीच्या वळणावळणाच्या वाटेऐवजी आवाजाला थेट रस्ता मिळावा म्हणून जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने 1997 मध्ये ही सोय काढली. मॅकवर कोअर ऑडिओ नावाची अशीच सोय मुळातच असते, म्हणून तिथे ही खटपट कमी. बजेट असेल तर मॅक जरूर घ्या.

आणि हार्ड डिस्क! हे ऐकून तर मी थक्क झालो. सन मायक्रोसिस्टिम्समधला अभियंता ब्रेंडन ग्रेग 2008 च्या अखेरीस चालू हार्ड डिस्कांच्या कपाटासमोर जोरात ओरडला आणि त्या डिस्कांचा वेग ढासळताना पडद्यावर दिसला. नुसत्या माणसाच्या ओरडण्याने! मग टेम्पोत अठरा इंची बेसच्या शेजारी फिरत्या तबकडीची डिस्क ठेवून आपण काय करतो, विचार करा. एसएसडीत हलणारा भागच नसतो. 320 केबीपीएसचं पाच मिनिटांचं गाणं 12 एमबीचं, म्हणजे 512 जीबीत हजारो गाणी मावतात. हार्ड डिस्कचं मशीन कुणी फुकट दिलं तरी वरातीला नेऊ नका.

रॅम 16 जीबी घ्या. सेराटो या डीजे सॉफ्टवेअरने 2022 मध्ये स्टेम्स आणल्यापासून चालू गाण्यातून गायकाचा आवाज आणि ढोल वेगळे काढता येतात. तिथे मात्र प्रोसेसरची ताकद खरंच लागते. पडदा चकचकीत नको, दुपारच्या वरातीत स्वतःचंच तोंड दिसतं. बॅटरी धड असावी, कारण जनरेटर बदलताना लाइट गेली की तीच गाणं चालू ठेवते. चार्जर लावल्यावर स्पीकरमधून घूंऽ येतं का, तेही दुकानातच ऐका.

या लग्नसराईत लॅपटॉप घ्यायला निघाल तेव्हा पेनड्राइव्ह, हेडफोन आणि स्वतःचा कंट्रोलर पिशवीत टाका. दुकानदाराला वीस मिनिटं मागा. कंट्रोलर लावा, 128 वर दोन गाणी मिसळा, लेटन्सीमॉन चालू ठेवा. लावून बघू देत नसेल तर सरळ शेजारच्या दुकानात जा.