शब्द बदलू देणारं गाणं

ऑन्टारिओतल्या आमच्या मुलांच्या शाळेचा दिवस एका गाण्यापासून सुरू होतो. पोरं ओले बूट भिंतीशी लावतात, दप्तरं खुंटीला अडकवतात आणि स्पीकरवर तो सूर आला की जिथे असतील तिथे थांबतात. नागरिकत्वाची शपथ घेतली त्या दिवशी आम्हीही ते म्हटलं, समोरच्या कागदाकडे बघत बघत. ‘ओ कॅनडा’ची आणि माझी ओळख ही अशी, शेजारच्या वयस्कर माणसाशी जाता-येता होते तशी.

वयाने ते खरंच मोठं. 24 जून 1880 रोजी क्वेबेक शहरात ते पहिल्यांदा वाजलं. चाल कॅलिक्सा लावाले यांची, शब्द अडॉल्फ-बासिल रूतिए यांचे, आणि ते फ्रेंच. इंग्रजी शब्द 28 वर्षांनी, 1908 साली, मॉन्ट्रियलचे वकील रॉबर्ट स्टॅनली वीअर यांनी लिहिले. फ्रेंच गीताचं ते भाषांतर नाही. फ्रेंचमध्ये क्रूस आणि तलवार आहे, इंग्रजीत पहारा आहे. चाल एक, बोलणं दोन. शंभरी भरून आठवडा झाला तेव्हा, 1 जुलै 1980 रोजी, ते कायद्याने राष्ट्रगीत झालं. त्याच कायद्यात एक वाक्य आहे आणि त्यात या गाण्याचा सगळा स्वभाव आला: हे शब्द आणि ही चाल सार्वजनिक मालकीची आहे.

फ्रेंच गाणं आपल्या जुन्या शब्दांना धरून बसलं. इंग्रजी मात्र बदलत राहिलं. त्यातली देशप्रेमाची ओळ 1908 मध्ये स्त्री-पुरुष असा भेद करत नव्हती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथे ‘मुलगे’ आले आणि शंभर वर्षं राहिले. ते काढून सर्वांना जागा द्या, असं ज्यांनी जाहीरपणे म्हटलं त्यांत लेखिका मार्गारेट अॅटवूड होत्या. पण ते घडवलं ओटावाचे खासदार मोरिल बेलांजे यांनी. मज्जातंतूंच्या असाध्य आजाराने त्यांचा आवाज गेला होता. 2016 मध्ये संसदेत ते यंत्राच्या आवाजात बोलले. त्या जूनमध्ये विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर झालं, ऑगस्टमध्ये ते गेले, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये कायदा झाला. ही गोष्ट वाचली की मला भरून येतं. ज्याला स्वतःला गाता येत नव्हतं, त्याने सगळ्यांच्या गाण्यात स्त्रियांना परत आणलं.

संसदेला एवढा वेळ लागतो. गायकाला एक श्वास पुरतो.

19 फेब्रुवारी 2023 रोजी सॉल्ट लेक सिटीत बास्केटबॉलच्या मोठ्या सामन्याआधी टोरोंटोच्या गायिका जूली ब्लॅक उभ्या राहिल्या. त्यांनी पहिल्याच ओळीतलं एक छोटं अव्यय बदललं. ‘आमचं घर आणि जन्मभूमी’ असा जो अर्थ होता, तो ‘मूळ रहिवाशांच्या भूमीवर आमचं घर’ असा झाला. बास, एवढंच. खेळाच्या मैदानात राजकारण कशाला, असं लगेच म्हटलं गेलं. आदिवासी राष्ट्रांच्या परिषदेने मात्र एप्रिलमध्ये त्यांचा सन्मान केला. ज्यांची जमीन, त्यांना तो शब्द ऐकू आला होता.

योगायोग असा की ब्लॅक गायल्या त्याच तारखेपासून ‘जय जय महाराष्ट्र माझा’ आपलं राज्यगीत झालं. राजा बढे यांचं ते गीत आपल्या कानात आहे ते शाहीर साबळे यांच्या आवाजात. शाहिराने राजकारण बोलू नये, असं आपल्याकडे कोणी म्हटलं असतं तर डफच गप्प झाला असता. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांच्या डफावर थाप पडली ती संयुक्त महाराष्ट्र मागायला, आणि त्या मागणीतूनच आपलं राज्य झालं.

म्हणून मला ‘खेळात राजकारण नको’ हे पटत नाही. सामन्याआधी हजारो लोकांना उभं करून देशाचं गाणं म्हणायला लावणं हेच राजकारण आहे. ते गायकाच्या गळ्यातून करून घ्यायचं आणि त्या गळ्याला स्वतःचं मत नसावं म्हणायचं, हा अन्याय आहे.

पण हे गाणं दुखावलंही गेलं आहे. जुलै 2016 मध्ये सॅन डिएगोत बेसबॉलच्या सामन्याआधी ‘द टेनर्स’चे चार कॅनेडियन गायक ते गात होते. त्यातल्या रेमिजिओ परेरा यांनी मध्येच आपल्या शब्दांची भर घातली आणि एक फलक उंचावला. काळ्या लोकांच्या चळवळीला उत्तर म्हणून फिरणारी घोषणा त्यावर होती. बाकी तिघांना याची कल्पना नव्हती. त्यांनी नंतर माफी मागितली आणि परेरा यांना दूर केलं. मला ती घोषणा चुकीची वाटते, तरी परेरा यांचा बोलण्याचा हक्क मी मान्य करते. मान्य नाही ते एवढंच, की त्यांनी इतर तिघांचा गळा न विचारता वापरला. स्वतःचं मत स्वतःच्या नावावर, स्वतःच्या जोखमीवर मांडावं.

शांताल क्रेव्हियाझुक यांनी तेच केलं. 20 फेब्रुवारी 2025, बोस्टन, कॅनडा विरुद्ध अमेरिका, आइस हॉकीचा अंतिम सामना. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅनडाला एक्कावन्नावं राज्य म्हणत होते. विनिपेगच्या या गायिकेने हातावर बदललेले शब्द लिहून घेतले आणि तीच, बेलांजे यांनी दुरुस्त केलेली ओळ अशी गायली, की या देशावर हुकूम चालेल तो फक्त आमचाच. आपण हे का केलं, ते त्यांनी नंतर स्पष्ट सांगितलं. त्या रात्री कॅनडा जादा वेळेत 3–2 असा जिंकला.

त्याच रात्री, त्याच बर्फावर कॅनडाचे मानद कर्णधार म्हणून वेन ग्रेट्स्की आले होते. त्यांनी कॅनडाच्या पंतप्रधानपदासाठी उभं राहावं, असं डोनाल्ड ट्रम्प यांनी आदल्या नाताळात लिहिलं होतं. ग्रेट्स्की देशाच्या बाजूने काहीतरी बोलतील म्हणून लोक वाट पाहत राहिले. ते गप्प राहिले, आणि त्यांच्या गप्प बसण्यावर देशभर जेवढं बोललं गेलं तेवढं क्वचितच कोणाच्या भाषणावर बोललं गेलं असेल. हॉकीत त्यांच्याएवढा मोठा खेळाडू झाला नाही, म्हणून ते मौन मला अधिक लागलं.

हे गाणं बोस्टनला तसं परकं नव्हतं. त्याची चाल बांधणारे लावाले 1891 साली याच शहरात वारले. तरुणपणी ते अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात होते, आणि कॅनडाने अमेरिकेत सामील व्हावं असं त्यांचं मत होतं. त्यांच्या अस्थी 1933 मध्ये मॉन्ट्रियलला आणल्या. गाणं करणाऱ्याचं मत एक, ते गाणाऱ्या क्रेव्हियाझुक यांचं बरोबर उलटं, आणि गाण्याने दोघांनाही आपल्यात राहू दिलं.

अधिकृत शब्द अजून 2018 चेच आहेत. उद्या सकाळी आमची पोरं तेच म्हणतील. पुढच्या एखाद्या सामन्याआधी कुणी एक शब्द बदलला, तर हुर्यो करण्याआधी तो शब्द कोणता होता, तेवढं नीट ऐका.