१४५ नॉब लावू नकोस

चि. सईस,


तुझा आराखडा बघितला. यामाहाच्या डीएक्स-७ सिंथेसायझरसाठी कंट्रोलर करायचं मनावर घेतलंस, झकास. पण प्रत्येक पॅरामीटरला वेगळा नॉब हा हट्ट सोड. एका ऑपरेटरचे (म्हणजे एक ऑसिलेटर आणि त्याचा एन्व्हलप) २१ पॅरामीटर, असे सहा ऑपरेटर, म्हणजे १२६. अल्गोरिदम, फीडबॅक, एलएफओ, पिच एन्व्हलप वगैरे धरले की १४५. ऐंशीच्या दशकात येलिंगहाउस या जर्मन कंपनीने त्याच वाटेने जाणारं यंत्र काढलं होतं. नॉबच नॉब! आज ते दुर्मीळ म्हणून मिरवतं, एवढंच.

यामाहाने १९८३ मध्ये दुसरं टोक गाठलं होतं: सपाट बटणं, एकच डेटा स्लायडर आणि दोन ओळींचा डिस्प्ले. साहजिकच बहुतेकांनी आवाज घडवण्याच्या फंदात न पडता तयार आवाजच वाजवले. त्यातला तो ई-पियानो तर ऐकून ऐकून लोकांचे कान किटले.

तोच आवाज उघडून बघ. अल्गोरिदम ५ म्हणजे ऑपरेटरच्या तीन जोड्या. ऑपरेटर दोन हा ऑपरेटर एकला मॉड्युलेट करतो. दोनचं गुणोत्तर १४ आहे, त्यातूनच सुरुवातीचा तो धातूचा ‘टिंग’ येतो. आता फक्त दोनची पातळी वाढव. आवाज मोठा होत नाही, धारदार होतो. मग अल्गोरिदम ३२ लाव. तिथे सहाही ऑपरेटर थेट ऐकू येतात, त्यामुळे तोच नॉब आता नुसता आवाज लहानमोठा करतो. खरी मेख इथे आहे. पॅनेलवर ‘लेव्हल’ छापून काय उपयोग, जर त्याचं काम अल्गोरिदमगणिक बदलणार असेल? नॉबखाली दोन रंगांचा एलईडी दे: एक रंग थेट ऐकू येणाऱ्या कॅरिअरचा, दुसरा त्याला वळवणाऱ्या मॉड्युलेटरचा. कॉर्गच्या ऑप्सिक्स सिंथेसायझरनेही २०२० मध्ये रंगांचाच आधार घेतला.

प्रत्येक ऑपरेटरला पातळी, गुणोत्तर आणि डिके हे तीन नॉब पुरेत. बाकीचं निवडक एन्कोडर आणि छोट्या स्क्रीनवर जाऊ दे. साधे पॉट मात्र नकोत: आवाज बदलला की नॉब जुन्या जागी आणि आकडा नवा, आणि हात लावताच आवाज उडी मारतो. ऑपरेटर म्यूट करायची सहा बटणं तेवढी विसरू नकोस. कुठला ऑपरेटर काय करतोय हे मी तरी एकेक बंद करूनच शोधतो.

आता मिडीच्या तारेचं. पॅरामीटर बदलाचा सिस्‌एक्स संदेश ७ बाइटचा. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट, एका बाइटला १० बिट; म्हणजे एका संदेशाला सव्वादोन मिलिसेकंद. एन्कोडर गरागरा फिरवलास की मधल्या सगळ्या आकड्यांची रांग लागेल आणि हात थांबल्यावरही आवाज बदलत राहील. मधले आकडे टाकून दे, शेवटचा तेवढा पाठव. आणि पॅरामीटरचा क्रम उलटा आहे बरं का: यादी ऑपरेटर ६ पासून सुरू होते. ऑपरेटर १ ची पातळी १२१ वर सापडेल, शून्यापासून मोजलंस तर.

या एफएम पद्धतीचा शोध लावणाऱ्या जॉन चौनिंग यांनी १९६७ मध्ये स्टॅनफर्डला व्हिब्रेटो वाढवत नेला आणि कंपनाचा पोत झाला. तेव्हा संगणकाला आकडे देऊन वाट बघत बसावं लागायचं. तुझ्या हातात नॉब आहे, तेव्हा आधी एकाच ऑपरेटरचे तीन नॉब ब्रेडबोर्डवर जोड आणि माझ्याकडे घेऊन ये. पीसीबी नंतर.

तुझा,
मामा