मुखवटा राजकन्येला परवडतो

तोंडावर मुखवटा, हातात हंटर आणि खाली घोडा, अशी नायिका म्हटली की आपल्या पोरांना इंग्रजी सिनेमाच आठवतो. पण मुंबईत १९३५ सालीच 'हंटरवाली' आला होता. वाडिया मूव्हीटोनचा सिनेमा, दिग्दर्शक होमी वाडिया, नायिका ऑस्ट्रेलियात जन्मलेली नाडिया. दुष्ट प्रधानाला धडा शिकवायला राजकन्या मुखवटा चढवते आणि गरिबांचा कैवार घेते.

हा गमतीचा मारधाडपट मला आवडतो. यातली बाई रडत नाही, मार देते. पण मुखवटा उतरला की तिच्यामागे राजवाडा उभा असतो. न्याय राजघराणे देणार, रयतेने फक्त वाट पाहायची.

आपल्या बायांमागे कुठला राजवाडा? जुलै १९४२ मध्ये नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित वर्ग महिला परिषद भरली. बाबासाहेबांच्या उपस्थितीत हजारो बायांनी उघड्या तोंडाने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाविरुद्ध ठराव केला. त्या कुणा हंटरवालीची वाट पाहत बसल्या नाहीत.

आमच्या नशिराबादची माझी पुतणी पुण्यात खोली शोधताना आडनाव सांगत नाही, नुसते नाव सांगते. दोष तिचा नाही, आडनाव विचारणाऱ्या घरमालकाचा आहे. पण हाही मुखवटाच. तो उतरला तर हिची खोली जाते.

म्हणून मुलींनो, एकेकटीने आडनाव झाकण्यापेक्षा दहाजणी मिळून सांगा. एकीला नाकारणे सोपे असते, संघटनेला नाही.

जय भीम!