परत म्हणून दाखवा

मुंबईच्या लोकलमध्ये शेवटच्या डब्यातला गार्ड (2022 पासून हुद्दा ट्रेन मॅनेजर) गाडी सोडायची म्हणून दोनदा घंटा देतो. मोटरमन तशाच दोन घंटा परत देतो आणि मगच गाडी हलवतो. पुढच्या टोकाच्या डब्यात उभं राहिलं की हे कानावर पडतं. गार्डने घंटा दिली एवढ्यावर भागत नाही. ती पोचली हे त्याला समोरून कळावं लागतं.

*

रेल्वेची आणखी एक पद्धत. ज्या फाटकाची सिग्नलशी सांगड नाही, तिथला गेटमन स्टेशन मास्तरला फोनवर नुसतं 'फाटक बंद केलं' म्हणत नाही. सोबत प्रायव्हेट नंबर देतो. हा नंबर तक्त्यातून घ्यायचा आणि वापरला की खोडायचा. मास्तर तो नोंदवून ठेवतो. सवयीने तोंडातून निघून गेलेल्या 'हो'ला असा नंबर जोडता येत नाही.

*

27 मार्च 1977. कॅनरी बेटांतलं टेनेरिफ, दाट धुकं, एकाच धावपट्टीवर दोन बोइंग 747. केएलएमच्या विमानाला उड्डाणानंतरच्या मार्गाची परवानगी मिळाली होती, उड्डाणाची नव्हे. सहवैमानिकाने ती परत वाचून दाखवली आणि शेवटी जोडलं की आम्ही आता टेक-ऑफवर आहोत. टॉवरला वाटलं, विमान जागेवर तयार उभं आहे. टॉवर म्हणाला, 'ओके.' पाठोपाठ तो म्हणाला की थांबा, मी सांगतो. नेमकं तेव्हाच पॅन अ‍ॅमचं विमानही 'आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत' असं सांगू लागलं. दोन्ही संदेश एकमेकांवर आदळले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये कर्कश शिट्टी तेवढी ऐकू गेली. तिथल्या फ्लाइट इंजिनियरने शंका काढली होती की ते विमान बाजूला झालं नाही का? कप्तानाने ठामपणे सांगितलं, झालंय. दोन्ही विमानं एकमेकांवर धडकली, 583 माणसं गेली.

इथे परत वाचून दाखवणं झालं होतं, हे विसरू नये. वाचून दाखवलेल्याचा अर्थ मात्र कुणी पक्का करून घेतला नाही. म्हणून त्या सगळ्या संभाषणात मला तो 'ओके' सर्वांत भयंकर वाटतो. नंतर रेडिओवरची भाषा बदलली. आता 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा. एरवी 'डिपार्चर'.

*

रात्री डॉक्टर फोनवर औषध सांगतात. सिस्टरने ते लिहून घ्यायचं, लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि डॉक्टरांनी 'बरोबर' म्हणायचं. फोनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात, म्हणून आकडे सुटे करून म्हणायचे: वन फाइव्ह, फाइव्ह झीरो. वाचून दाखवणाऱ्या सिस्टरवर जो डॉक्टर खेकसतो, तो पुढच्या रुग्णाला धोक्यात घालतो. कारण पुढच्या वेळी ती वाचून दाखवायला कचरते.

*

व्हॉट्सअ‍ॅपवरची निळी खूण एवढंच सांगते की निरोप उघडला गेला. अंगठ्याचाही फार भरवसा धरू नये.

*

पाळी बदलतानाची वेळ सर्वांत नाजूक. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेलाच्या फलाटावर दिवसपाळीने एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीला काढली होती. तसा कागद लिहून ठेवलेला होता, पण रात्रपाळीतल्या कुणाला तोंडी सांगितलं गेलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला म्हणून हा सुरू केला. स्फोट झाला आणि 167 जणांचा जीव गेला.

*

'समजलं ना?' या प्रश्नाला आपल्याकडे ठरलेलं उत्तर आहे: हो साहेब. 'नाही' म्हणायचं तर एकतर आपली अक्कल निघते, नाहीतर साहेबांच्या सांगण्यात खोट काढल्यासारखं होतं. त्यामुळे हा प्रश्न विचारणं सोडून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. त्याऐवजी विचारावं, सुरुवात कुठून करणार? माल कुणाच्या ताब्यात द्यायचा? अडलं तर फोन कुणाला करशील? उत्तर देताना माणसाला काम डोळ्यांपुढे आणावं लागतं. जे कळलेलं नसतं ते तिथेच उघडं पडतं, आणि तेही कुणाचा पाणउतारा न होता.

*

वरच्या जागांवर बसलेल्यांना एक विनंती. पहिलं पाऊल तुम्हीच टाका, हाताखालच्या माणसाला ते जमणार नाही. 'माझ्याकडून काही सांगायचं राहिलं असेल, काय ठरलं ते एकदा तू सांग' असं म्हणा. आणि तो सांगत असताना मोबाइल बाजूला ठेवून शेवटपर्यंत ऐका.