तोंडात मशेरी

आमच्या घरात मशेरी विकत आणत नसत, भाजत. बाजारच्या दिवशी आजी तंबाखूचा मोडका, स्वस्तातला पाला घेऊन यायची. भाकऱ्या आटोपल्या की उरल्या निखाऱ्यांवर जुना तवा चढायचा आणि पाला काळाठिक्कर होईपर्यंत ती उलथन्याने हलवत बसायची. धूर असा निघायचा की शेजारी ठसका लागे आणि भिंतीपलीकडून आरोळी येई, "म्हातारे, सांगून तरी भाजत जा!" मग खलबत्त्यात कुटणं, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळणं आणि बामच्या रिकाम्या बाटलीत भरणं. बाटली देवळीत, आमचा हात पोचणार नाही अशा बेताने. आपली मशेरी वस्त्रगाळ असते याचा आजीला अभिमान होता. जाडीभरडी लावणाऱ्या बायांबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं.

पहाटे परसातल्या दगडावर ती बसे. डाव्या तळव्यावर चिमूटभर काळी पूड, उजव्या हाताचं बोट हिरड्यांवरून सावकाश फिरतंय, नजर कुठेच नाही. आजोबांनी काही विचारलं तर उत्तर एकच, "हं." बैल सोडू का, हं. पाव्हणे येणार आहेत, हं. थुंकीने भरलेल्या तोंडाने बाई बोलणार कशी? ज्यांच्यापुढे घरात कुणी ब्र काढत नसे ते आजोबाही तेवढा वेळ थांबून राहत. खुद्द आजोबांची तंबाखू पारावर असायची. चंची सोडायची, चुना मळायचा, शेजारच्यापुढे तळवा करायचा, मग गप्पा. पुरुषांना तंबाखूने बोलतं केलं आणि बायकांना गप्प बसायची मुभा दिली, असं मला आता वाटतं. तेव्हा एवढंच कळत होतं, की आजी मशेरी लावत असताना तिच्याकडे खाऊ मागायचा नाही.

आईला ही सवय आजीनेच लावली, आणि मायेने लावली. माझ्या वेळी दिवस गेले असताना आईची दाढ ठणकत होती. सासूने बाटली पुढे केली, "लाव, बधिर होईल." दाढदुखी थांबली, मग दाढ पडलीही, मशेरी राहिली. पुढे कारण बदललं. लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, लावली नाही तर डोकं धरतं. दोन्ही गोष्टी खऱ्याच. निकोटिनने आतडी चाळवतात. आणि रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, त्यामुळे रात्रभराच्या झोपेनंतर शरीर रिकामं होऊन बेचैन झालेलं असतं. सकाळच्या चिमटीने डोकं उतरतं, पण चढलेलं असतं ते आदल्या दिवशीच्या मशेरीमुळेच. आईला मी हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे औषध बी तीच की."

प्रकाश गुप्ता आणि श्रीविद्या या संशोधकांनी मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांचा पाठपुरावा केला होता; तो अभ्यास 2004 साली छापून आला. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी भरली, आणि त्या बायकांत मशेरीवाल्याच जास्त होत्या. मी घरात जन्मले. माझं वजन कुणी केलं नव्हतं.

सरकारने हातपाय हलवले नाहीत असं नाही. दंतमंजन-टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला 1992 साली बंदी आली, 2012 साली महाराष्ट्रात गुटखा बंद झाला, पुढे तंबाखूच्या पाकिटाचा 85 टक्के भाग इशाऱ्याच्या चित्राने व्यापला. तव्यावर भाजलेल्या मशेरीला पाकीटच नाही, तर चित्र छापणार कुठे?

आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा दिसला तेव्हा तिने साठी ओलांडली होती. तपासणीत कॅन्सर निघाला नाही, पण डॉक्टरांनी मशेरी बंद म्हणून बजावलं. भाऊ तिला पुण्याला फ्लॅटवर घेऊन गेला. आम्हाला वाटलं होतं, महिनाभर घर डोक्यावर घेईल. पहिले काही दिवस चिडली, रात्री जागी राहिली, कुकरच्या शिट्टीवरून वहिनीशी भांडली. मग आपोआप निवळली. तिथे परस नव्हतं, दगड नव्हता, "दे गं चिमूटभर" म्हणत येणारी शेजारीण नव्हती.

हे पाहून मला एक जुना अभ्यास आठवला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक जण हेरॉइनच्या आहारी गेला होता. ही पोरं परतल्यावर ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा माग ठेवला. तिथे व्यसनात अडकलेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा अडकले ते फक्त शेकडा पाचच्या आसपास. जागा बदलली, सोबती बदलले, भीती संपली. कुठे हेरॉइन, कुठे मशेरी. पण तलफ नुसती रक्तात नसते, ती दगडावर आणि पहाटेच्या गारव्यातही बसलेली असते, हे मी आईवरूनच पाहिलं. जत्रेला गावी गेलो. शेजारी कुणीतरी तवा चढवला होता. तो धूर नाकात गेला आणि आई बोलता बोलता थांबली. उजव्या हाताचं बोट अंगठ्यावर घासायला लागली. संध्याकाळपर्यंत तिने कुणाकडून तरी चिमूट मिळवलीच.

पुण्याला परतल्यावर भावाने तिला समुपदेशक बाईंकडे नेलं. मीही होते. शक्ती, निश्चय, नातवंडांचं प्रेम असलं काही कानावर येणार म्हणून मी मनाची तयारी करून गेले होते. बाईंनी साधं विचारलं, "आजी, लावल्यावर नेमकं बरं काय वाटतं?" आई बराच वेळ गप्प होती.

"तेवढा येळ कुणी हाक मारत न्हाई."

या वाक्याने मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त शिकवलं. सून झाल्यापासून जिला कोणत्याही क्षणी कुणीही उठवू शकत होतं, तिने दिवसातला थोडा वेळ कुंपण घालून राखला होता. मशेरी सोडा म्हणणारे आम्ही सगळे ते कुंपणच मोडायला निघालो होतो, आणि बदल्यात काय देणार हे कुणी बोलत नव्हतं.

वहिनीने तोंडात धरायला भाजलेली बडीशेप दिली. आईने चार-सहा दिवस चघळली आणि मग सांगून टाकलं, "बडीशेप झ्याक हाय. पर ती तोंडात असली तरी तुमी मला बोलायला लावता." वहिनी हसली नाही. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दाराची बेल, दूधवाला आणि नातवाचा डबा भावाकडे गेला. तो अजून कुरकुरतो. डब्याची भाजी तिखट झाली की नातू आजीकडे तक्रार घेऊन जातो, आणि गॅलरीतून उत्तर येतं, "हं."