उभ्या घराला कोणी पैसा देत नाही

10 जुलै 2024 ला सकाळी सात वाजून गेल्यावर हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या कळमनुरी-वसमतच्या पट्ट्यात जमीन हलली. भूकंप 4.5 रिश्टरचा. त्याच वर्षी 21 मार्चलाही तेवढाच धक्का बसला होता. पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येणं तर वर्षानुवर्षं चालू आहे, त्याचं आता कोणाला नवल नाही. पण जुलैच्या धक्क्यानंतर गावात जी बैठक झाली, ती मला अजून पचलेली नाही.

बैठकीला आलेल्या सरकारी साहेबांनी सांगितलं, पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या. सल्ला बरोबरच होता. वाऱ्यानं पत्रे उडू नयेत म्हणून आमच्याकडे घरोघरी दगड ठेवतात, धक्का बसला की तेच झोपलेल्याच्या अंगावर येतात. मी उठून विचारलं, "साहेब, पत्र्यावरचे दगड काढतो, पण भिंतीतल्या दगडांचं काय करायचं?" ते म्हणाले, "ताई, नुकसान झालं असेल तर पंचनामा होईल." आणि बैठक संपली.

नुकसान झालं असेल तर! म्हणजे आधी भिंत पडली पाहिजे.

माझं माहेर लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपानं किल्लारी-सास्तूरला काय झालं ते मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. सरकारी आकड्यानं आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, 52 गावं नव्यानं वसवावी लागली. आमच्या गावात घरं पडली नाहीत, पण भिंती फाटल्या. अशा गावांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला. जागतिक बँकेनं 24.6 कोटी डॉलर दिले होते, त्यातूनच. लोक त्याला परदेशी मदत म्हणतात. ते कर्ज होतं, फेडायचं आपल्यालाच होतं, हेही लक्षात ठेवावं.

स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेमार्फत गावोगावच्या बाया संवाद सहायक झाल्या, त्यात माझी आई होती. भिंत म्हणजे काय हे मला तिनं दाखवलं. आपली दगड-मातीची भिंत दिसायला दोन-अडीच फूट जाड, पण आत ती एक नसतेच. बाहेरून एक थर, आतून एक थर, मधे बारीक दगड आणि माती. एकमेकींकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या दोघी बायांसारखी. जमीन हलली की एक अंगणात पडते, एक घरात, आणि माळवदाची, म्हणजे वरच्या धाब्याची, सगळी माती मधोमध खाली येते. उपाय साधा होता. साधारण तीन-तीन फुटांवर पहारीनं हळूहळू दगड सैल करायचे, भिंतीला आरपार भोक पाडायचं, दोन्ही टोकांना आकडा वळवलेली सळई घालायची, काँक्रीट भरायचं आणि रोज पाणी मारायचं. वर माळवदाची माती कमी करायची, कोपरे जाळीनं बांधायचे. आई मिस्त्रीच्या शेजारी उभी राहून भोक आरपार गेलंय का ते हात घालून बघायची. मिस्त्री चिडायचा. ती हलायची नाही.

तेव्हा गाड्या भरभरून पाहुणे यायचे, फोटो काढायचे, "घर सुरक्षित वाटतं का?" असं दुभाष्याकडून विचारायचे. मला फार राग यायचा. आमच्या फुटलेल्या भिंती काय बघायला ठेवल्यात का, असं वाटायचं. आज हिंगोलीत बसून वाटतं, तसाच एखादा पाहुणा इकडे का येत नाही? 2001 च्या भूजच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बाया कच्छला गेल्या, तिथल्या बायांशी बोलल्या. लातूरचं शहाणपण गुजरातपर्यंत पोचलं. हिंगोलीपर्यंत पोचलं नाही, कारण इकडे मेलं कोणी नाही.

तरी खरं सांगते, किल्लारीनंतर पैसा आला तिथंही बहुतेकांनी जुनी भिंत मजबूत करून घेतली नाही. त्या पैशातून शेजारी एक नवी खोली काढली आणि तिथं झोपायला लागले. आमच्या भावकीनंही तेच केलं. आई चिडली होती, पण रात्री दगडाखाली अंग टाकायची भीती तिलाही कळत होती. मग नुसतं ज्ञान पोचून काय होणार होतं? मला याचं उत्तर देता येत नाही. इकडे माझ्या सासरच्या गावचा मिस्त्री तर म्हणाला, "वहिनी, उभी भिंत कशाला फोडायची?" नवऱ्यालाही जुनं मधलं घर पाडायचंच आहे. पाडा, पण हाती पैसा येईपर्यंत सासूबाई त्याच भिंतीखाली झोपतात.

माझं म्हणणं एवढंच. भूकंप येऊन गेल्यावर कर्ज काढून मिस्त्रींना शिकवण्यापेक्षा त्यांना आधी शिकवणं कितीतरी स्वस्त आहे. आणि गावात सरकारी पैशातून घरकुलं तर बांधली जातातच. खिडकी-दारावरून चारी भिंतींना एकसंध काँक्रीटचा पट्टा फिरवलाय का, की फक्त दारावर तुकडा टाकून पैसे उचलले, हे बघायला इंजिनिअर लागत नाही. प्लास्टर व्हायच्या आधी जाऊन बघा. नसेल तर ग्रामसभेत नाव घेऊन विचारा आणि उत्तर लिहून मागा.